मानाची टोपी डोक्याला बसावी म्हणून: टोपीची ओळख, इतिहास आणि गांधी टोपी घरी शिवण्याची पद्धत

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मानपानासाठी साठ टोप्या आणल्या होत्या. सोलापूरकडच्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान ठरलेला असतो. टॉवेल आपल्या गावचाच, त्यामुळे चार जण तो हातात घेऊन बघतात, वजन करतात, काठ तपासतात. टोपी मात्र गठ्ठ्यानं येते. 'सगळ्यांना बसते' असं दुकानदारानं सांगितलं आणि आम्हीही ते ऐकून घेतलं. मांडवात थोरल्या मामांच्या डोक्यावर टोपी ठेवली तेव्हा ती नुसती वर टेकून राहिली. फोटो होईपर्यंत त्यांनी ती डाव्या हातानं धरली आणि मग घडी करून खिशात घातली. जेवणाच्या पंगतीत मी मुद्दाम बघत गेले. साठांपैकी चार टोप्या डोक्यावर होत्या. बाकीच्या खुर्च्यांवर, खिडकीत, नारळाच्या पिशवीत.

मला ते फार लागलं. मी शाळांचे गणवेश शिवते, दिवसभर मापाच्या टेपशी माझा संबंध. शिवाय माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, टोपीशिवाय उंबरा ओलांडत नसत. त्यांची टोपी त्यांच्या डोक्याला अशी बसायची की वाऱ्यात सायकल चालवतानाही हलायची नाही. त्या लग्नानंतर मी टोपी नीट शिकायची ठरवली. ती म्हणजे काय, कुठून आली, तिचं माप कसं घ्यायचं, घरी कशी शिवायची, खळ (कापड ताठ करणारी पिठाची पेज) कशी द्यायची, हे सगळं इथं एका जागी लिहिते आहे.

आधी ओळख: टोपी कशाला म्हणायचं

डोक्यावर घालायच्या वस्तू आपल्याकडं इतक्या आहेत की शब्दांची गल्लत होते. मी स्वतःला तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न: हे गुंडाळावं लागतं का? लागत असेल तर तो फेटा, पटका, रुमाल, मुंडासं किंवा पागोटं. हे सगळं न कापलेलं लांब कापड असतं, आकार देतो तो बांधणारा हात. टोपीचं कापड आधी कापलेलं आणि शिवलेलं असतं, नाहीतर ती घडवून विणलेली असते. म्हणून टोपी कुणीही कशीही घातली तरी आकार तोच राहतो. पगडी या दोहोंच्या मध्ये बसते. मूळची ती गुंडाळायचीच, पण पुढं घडीव आणि पक्की करून मिळू लागली. पुणेरी पगडी हे तिचं सगळ्यांच्या ओळखीचं रूप.

दुसरा प्रश्न: चारी बाजूंनी बाहेर आलेली कड आहे का? असेल तर ती हॅट. फक्त कपाळावर सावली करणारा छज्जा असेल तर टोपीच. मुलं जिला पी कॅप म्हणतात ती याच वर्गातली. आणि कुठंच कड नसेल, नुसता डोक्याचा घेर धरून बसणारा भाग असेल, तर ती शुद्ध टोपी.

तिसरा प्रश्न: ती डोकं झाकते की डोक्याला मारापासून वाचवते? वाचवत असेल तर शिरस्त्राण किंवा हेल्मेट.

या कसोट्या मी शिवणकामासाठी लावते. बोलण्यात मराठी माणूस हॅटलाही टोपीच म्हणतो. मराठेशाहीच्या कागदांत इंग्रज, डच, फ्रेंच, पोर्तुगीज या सगळ्यांना मिळून 'टोपीकर' म्हटलेलं आहे. त्यांच्या डोक्यावर कडेची हॅट होती, पण आपल्या लोकांना दिसली ती टोपी. उलट दिशेनंही हा शब्द गेला. इंग्रजांनी आपल्याकडच्या उन्हासाठी जी टोपी वापरली तिला ते 'सोला टोपी' म्हणू लागले. हा 'सोला' सूर्याशी संबंधित नाही. दलदलीत वाढणाऱ्या शोला नावाच्या झाडाच्या हलक्या पांढऱ्या गाभ्यापासून ती बनायची. आणि माझ्या दुसऱ्या कसोटीनं ती टोपी नव्हेच, हॅट आहे. इंग्रजीतला 'कॅप' हा शब्द लॅटिनमधल्या 'काप्पा'वरून आला आहे.

घरातल्या टोप्यांची नावंही एकदा मोजून बघा. तान्ह्याचं टोपडं, पाठीपर्यंत येणारी कुंची, थंडीची कानटोपी, तोंडापुरती उघडी माकडटोपी, नमाजाची जाळीदार टोपी, जुन्या लोकांची काळी टोपी, वारकऱ्यांची पांढरी, शाळेची, क्रिकेटची. माप आणि शिवण यांचं तत्त्व सगळ्यांत सारखंच आहे, म्हणून एक टोपी नीट शिकलात तर बाकीच्यांचा अंदाज येतो.

इतिहास: सरकारं टोपीच्या मागं का लागतात

टोपीचा सगळा इतिहास इथं मांडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट वारंवार दिसते. टोपी स्वस्त असते, गरीबही घालू शकतो, आणि ती लांबून दिसते. म्हणून कुणाच्या डोक्यावर काय आहे यावर राज्य करणाऱ्यांची नजर असते.

प्राचीन रोममध्ये गुलामाला मुक्त केलं की त्याला नमद्याची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची) गोल टोपी मिळायची. त्याच कल्पनेची लाल टोपी फ्रेंच राज्यक्रांतीत स्वातंत्र्याची खूण झाली. इंग्लंडच्या संसदेनं १५७१ मध्ये कायदा केला की सहा वर्षांवरच्या प्रत्येक सामान्य माणसानं रविवारी आणि सणाला लोकरीची टोपी घातलीच पाहिजे, नाहीतर दंड. बड्या लोकांना त्यातून सूट होती. हेतू सरळ होता, देशातल्या लोकरीच्या टोप्या खपाव्यात. कायदा लोकांच्या गळी उतरला नाही आणि १५९७ मध्ये मागं घेतला गेला. तुर्कस्तानात सुलतान दुसऱ्या महमूदनं १८२९ मध्ये पागोटी काढून सरकारी नोकरांना लाल फेझ टोपी सक्तीची केली. तिचं नाव मोरोक्कोतल्या फेझ शहरावरून पडलं आहे. शंभर वर्षंही झाली नाहीत तोच १९२५ मध्ये मुस्तफा केमालनं तीच फेझ कायद्यानं बंद केली आणि हॅट आणली. आधी जी नवी म्हणून लादली, तीच पुढं जुनी म्हणून काढली.

छज्जाची टोपी मात्र कायद्यानं आली नाही, खेळातून आली. अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका बेसबॉल संघानं १८६० च्या सुमारास गोल माथ्याची, पुढं छज्जा असलेली टोपी घातली, आणि आज टमटमवाल्यापासून कलेक्टरांच्या मुलापर्यंत सगळे तीच घालतात. तिचा माथा सहा कळ्यांचा असतो. कळी हा आपल्या शिवणकामातलाच शब्द, घागऱ्याला असते तशीच. कळ्यांवरची भोकं हवा जाण्यासाठी आणि वरचं बटण सहा टोकांची गाठ झाकण्यासाठी.

आता आपली टोपी.

गांधीजींनी ही टोपी कशी ठरवली ते त्यांचे सहकारी काका कालेलकरांनी नोंदवून ठेवलं आहे. गांधीजींनी वेगवेगळ्या प्रांतांतली शिरोभूषणं बघितली. फेटा रुबाबदार, पण त्याला कापड फार लागतं आणि मळ दिसत नाही. महाराष्ट्रात चालणाऱ्या हंगेरियन टोप्या त्यांना बऱ्या वाटल्या, पण त्या नमद्याच्या. शेवटी त्यांना काश्मिरी टोपी आवडली: हलकी, शिवायला सोपी, घडी होऊन खिशात जाणारी. ती लोकरीची असते, त्यांनी ती सुती केली. रंगाचा विचार करताना पांढरा घेतला, कारण पांढऱ्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो आणि माणूस ती धुतो. मला ही नोंद फार आवडते. पांढरा रंग शुद्धतेची खूण म्हणून निवडला असेल असं मी समजत होते. प्रत्यक्षात तो धुण्याच्या हिशोबानं निवडला होता. दक्षिण आफ्रिकेत कैद्यांना दिल्या जाणाऱ्या टोपीशीही या टोपीचं नातं जोडलं जातं. स्वतः गांधीजींनी ती थोडीच वर्षं घातली. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला आणि डोकं उघडं ठेवलं. तोवर असहकाराच्या चळवळीनं ती टोपी गावोगाव नेली होती.

सोलापुरात या टोपीची किंमत वेगळी आहे. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे शहर पेटून उठलं. ८ मे रोजी गोळीबार झाला. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता चालेनाशी झाली. १२ मे रोजी मार्शल लॉ आला तो ३० जूनपर्यंत राहिला. त्या दिवसांत सोलापुरात डोक्यावर गांधी टोपी असणं हाच गुन्हा होता. सैनिक रस्त्यावर टोप्या उतरवायला लावत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. तिथं उभं राहून कधी विचार करा की एवढ्याशा कापडाच्या वस्तूला सरकार एवढं का घाबरलं असेल. मग लग्नात गठ्ठ्यानं आणलेली आणि कुणालाच न बसणारी टोपी वाटताना हात थबकतो. माझा थबकतो.

डोक्याचं माप

आता कामाला लागू. मापाची कापडी टेप घ्या. स्टीलची चालणार नाही. समोरच्या माणसाला खुर्चीवर बसवा. टेप भुवयांच्या एक बोट वर, कानांच्या किंचित वर आणि मागं डोक्याचा जो भाग सगळ्यांत बाहेर आलेला असतो त्यावरून फिरवा. टेपखाली आपलं एक बोट सहज सरकेल इतकी ढिली ठेवा. दोनदा मोजा. दोन मापं वेगळी आली तर मोठं माप धरा. घट्ट टोपी कपाळावर वळ उठवते आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं.

मोठ्या माणसाचं माप बहुतेक वेळा ५५ ते ५९ सेंटीमीटरमध्ये येतं. आपल्याकडं टोपी इंचात विकतात, म्हणजे साधारण साडेएकवीस ते सव्वातेवीस इंच. परदेशी टोप्यांवर ७ किंवा सव्वासात असा आकडा असतो तो बघून गोंधळू नका. इंचातल्या घेराला ३.१४ नं भागलं की तो आकडा मिळतो. २२ भागिले ३.१४ म्हणजे ७.

तान्ह्या बाळाचा घेर जन्मताना ३४-३५ सेंटीमीटर असतो आणि वर्षभरात ४६ च्या आसपास जातो. म्हणून टोपडं फार शिवून ठेवू नका, तीन महिन्यांत लहान होतं. आणि एक सांगून ठेवते: बाळ घरात झोपलेलं असताना टोपडं काढून ठेवावं. बाळ डोक्यावाटे उष्णता बाहेर टाकतं, आणि हनुवटीखालच्या नाड्या झोपेत गळ्याशी येऊ शकतात. आजीला वाईट वाटलं तरी काढावं.

कापड

गांधी टोपीला खादी, मांजरपाट किंवा लाँगक्लॉथ घ्यावं. पॉपलीनही चालतं, पण ते पातळ असतं, खळ उतरली की टोपी लगेच मऊ पडते. टेरिकॉटची (सिंथेटिक मिसळलेल्या कापडाची) टोपी इस्त्रीला छान राहते, मात्र मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा ती डोक्यावर ठेवणं म्हणजे शिक्षा. घाम शोषला जात नाही. माझं मत विचाराल तर जाडसर मांजरपाट. स्वस्त मिळतो, खळ धरून ठेवतो आणि धुण्याला दाद देत नाही.

कापड सोलापुरातल्या चाटी गल्लीत मिळतं. घेताना एक टोक दोन बोटांत चुरगाळून सोडा. लगेच सरळ झालं तर त्यात सिंथेटिक धागा आहे. शंका आली तर एक धागा ओढून काडीनं पेटवा: सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, सिंथेटिक वितळून कडक गोळी होते.

दोन टोप्यांना पाऊण मीटर कापड पुरतं.

कापड आणल्यावर सगळ्यांत महत्त्वाचं काम, जे दहातले नऊ जण टाळतात: रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. २२ इंचांची टोपी पाऊण इंच आटली तरी ती त्या माणसाच्या डोक्यावरून गेली. आमच्या लग्नातल्या टोप्यांचं निम्मं दुखणं हेच होतं असं मला आता वाटतं. उरलेलं निम्मं, माप न घेणं.

कापणी

मी शिवते ती पद्धत दोन तुकड्यांची आहे: एक उभी पट्टी आणि एक माथा. दुकानातल्या काही टोप्यांना बाहेरून आणखी एक पट्टी असते, पण घरी शिकताना दोन तुकडे पुरेत. खालचे आकडे २२ इंच मापाचे आहेत.

माथ्याचा आकार डोळ्यासारखा असतो, दोन्हीकडं निमुळता. वर्तमानपत्र घेऊन त्याची चौपदरी घडी घाला. घडीच्या कोपऱ्यापासून एका कडेवर ५ इंचांवर खूण करा आणि दुसऱ्या कडेवर २ इंचांवर. दोन खुणा किंचित फुगीर रेषेनं जोडा आणि कापा. उलगडल्यावर १० इंच लांब आणि मध्यावर ४ इंच रुंद असा डोळा मिळेल. आता टेप उभी धरून त्याच्या कडेवरून फिरवा. एका बाजूची कड ११ इंच आली पाहिजे, म्हणजे दोन्ही मिळून २२. कमी-जास्त आलं तर लांबी बदला, रुंदी तशीच ठेवा. डोकं एक इंचानं मोठं असेल तर माथा अर्ध्या इंचानं लांब करा. कड पुन्हा मोजा.

हा कागद कापडावर ठेवताना त्याची लांबी उभ्या धाग्याच्या दिशेनं ठेवा. चारी बाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीसाठी जास्तीचं कापड) सोडून कापा.

पट्टीची लांबी म्हणजे डोक्याचं माप अधिक एक इंच, इथं २३ इंच. रुंदी ९ इंच. ती दुहेरी होऊन मायेला जाऊन ४ इंच उंचीची भिंत उरते. पट्टीची लांबीही उभ्या धाग्यावरच ठेवा. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको, मागावर ताणलेला ताणा (उभा धागा) कमी ओढला जातो आणि बाणा (आडवा धागा) जास्त. पट्टी आडव्या धाग्यावर कापली तर चार महिन्यांत टोपी सैल होऊन कानावर येते.

शिवण

मशीनला १४ नंबरची सुई, इंचाला दहा-बारा टाके, पांढरा सुती दोरा.

१. पट्टीच्या दोन आखूड कडा सुलट बाजू आत ठेवून अर्ध्या इंचावर जोडा. शिवण उघडून इस्त्री करा. आता २२ इंच घेराचं कडं तयार झालं. हा जोड डोक्याच्या मागं येणार.

२. कड्याची रुंदी मधोमध दुमडून इस्त्रीनं घडी पाडा आणि पुन्हा उघडा. ही घडीची रेषा म्हणजे कपाळावर टेकणारी खालची कड.

३. कड्याच्या वरच्या कडेवर चार खुणा करा: मागचा जोड, त्याच्या बरोबर समोरचा मध्य, आणि दोन्ही बाजूंचे मध्य. माथ्यावरही चार खुणा: दोन टोकं आणि दोन बाजूंचे मध्य. टोक जोडाला, दुसरं टोक समोरच्या मध्याला, बाजू बाजूंना टाचणीनं लावा. सुलट बाजू समोरासमोर हव्यात.

४. आधी धावदोरा (हातानं लांब कच्चे टाके) घाला. नवख्या माणसानं हे टाळू नये, कारण वळणदार कड सरळ कडेला जोडायची आहे, कापड सरकतंच. मग अर्ध्या इंचावर टीप मारा. टोकाशी आल्यावर सुई कापडात ठेवूनच मशीनचा पाय उचला, कापड फिरवा, पाय खाली घ्या. तिथं पट्टीच्या मायेला टिपेच्या अलीकडंपर्यंत छोटा काप द्या, नाहीतर टोकाला चुण्या पडतात. माथ्याच्या वळणावरही मायेला दर इंचावर बारीक काप द्या.

५. माया खाली पट्टीच्या पोटात वळवा. पट्टीची मोकळी राहिलेली कड अर्धा इंच आत दुमडा, घडीवरून आतल्या बाजूला घ्या आणि शिवण झाकली जाईल अशी बसवून हातानं तुरपाई करा. मशीनची दाब टीपही चालते, पण ती बाहेर दिसते. माणसाच्या घामानं माखणारी जागा आहे, आत एकही सुटा धागा राहता कामा नये.

६. खालच्या घडीपासून पाव इंचावर एक दाब टीप फिरवा.

७. आता टोपी उलटी-सुलटी करून बघा आणि तिला तिची घडी शिकवा. पुढचं आणि मागचं टोक दोन हातांत धरून हलकं ओढा, माथ्याचा मध्य बोटानं आत दाबा. दोन्ही भिंती एकमेकींना भिडतात आणि माथा आत होडीच्या तळासारखा बसतो. या घडीवर गरम इस्त्री दाबून ठेवा. पहिल्या इस्त्रीत जी घडी पडते तीच टोपी आयुष्यभर लक्षात ठेवते, म्हणून इथं घाई नको.

पहिली टोपी बिघडली तर ती बहुतेक चौथ्या पायरीवर बिघडते. उसवा आणि परत करा. मी तीन उसवल्या होत्या. बकरम (आत घालायचं ताठ अस्तर) घालून कडक करण्याचा मोह होतो, पण बकरम घातलेली टोपी खिशात जात नाही आणि धुतल्यावर आतून फोड येतात. कडकपणा खळीतून यावा.

धुणं, नीळ, खळ, इस्त्री

आमच्या आईचा हा रविवारचा कार्यक्रम होता. तात्यांच्या सात टोप्या एका ओळीत दोरीवर.

आधी तेल. आपले लोक डोक्याला तेल लावतात आणि टोपीच्या आतल्या कडेवर पिवळा पट्टा येतो. त्यावर भांडी घासायचा साबण थेट चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून टोपी तासभर भिजवा. घासणीनं रगडू नका, घडीच्या रेषेवर कापड विरतं. पिवळेपणा घालवायला क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. घामाचे डाग त्यानं आणखी पिवळे पडतात. त्यापेक्षा ओली टोपी लिंबू चोळून उन्हात ठेवा. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

स्वच्छ खळबळून झाल्यावर नीळ. अर्ध्या बादली पाण्यात चार-पाच थेंब, आधी वाटीत कालवून मग बादलीत. थेट टाकली तर निळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.

मग खळ. साबुदाण्याचं पीठ किंवा मैदा एक मोठा चमचा, अर्धा कप गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. तीन कप उकळत्या पाण्यात ओतत ढवळत राहा. पाणी दुधाळ असतं ते पारदर्शक होईपर्यंत शिजवा. कच्ची राहिली तर इस्त्रीला चिकटते आणि टोपीवर पांढरे पापुद्रे येतात. फडक्यातून गाळा, कोमट होऊ द्या, टोपी पूर्ण बुडवा, तळहातांत दाबून पाणी काढा. भाताची निवळलेली पेजही चालते, पण पावसाळ्यात तिला वास येतो.

टोपी सावलीत वाळवा आणि किंचित ओली असतानाच इस्त्रीला घ्या. पूर्ण वाळली तर पाणी शिंपडून, फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. इस्त्री आधी आतून, मग भिंती, शेवटी घडी.

उन्हासाठी कोणती

हे स्पष्ट सांगायला हवं. गांधी टोपी टाळू झाकते, पण डोळे, कान आणि मानेवर तिची सावली पडत नाही. मे महिन्यात दुपारी बाहेर पडायचं असेल तर तिच्यावरून ओला पंचा किंवा उपरणं कान झाकून मानेवर येईल असं घ्या. शेतावर किंवा बांधकामावर दिवसभर उभं राहणाऱ्याला चारी बाजूंनी कड असलेली सुती हॅट जास्त कामाची. मुलांना पी कॅप चालते, फक्त ती फिकट रंगाची आणि कळ्यांवर भोकं असलेली घ्या. काळी, जाड, आतून स्पंज लावलेली टोपी दुकानात छान दिसते आणि उन्हात डोकं तापवते. दुचाकीवर मात्र टोपी खिशात आणि हेल्मेट डोक्यावर. हेल्मेटच्या आत घडीची टोपी घातली तर हेल्मेट नीट बसत नाही.

मानासाठी टोप्या घेताना

सगळ्या शिवणं शक्य नसतं हे मला मान्य आहे. विकत घ्या, पण चार गोष्टी करा. 'फ्री साइज' शब्द ऐकला की थांबा आणि आकडे मागा. माझ्या अनुभवात दहा टोप्यांमागं दोन २१ च्या, पाच २२ च्या आणि तीन २३ च्या घेतल्या की मांडवातली बहुतेक डोकी भागतात. प्रत्येक मापाचा वेगळा गठ्ठा बांधा आणि मान देणाऱ्याच्या शेजारी नजर असलेल्या एखाद्या बाईला उभं करा. ती डोकं बघून बरोबर गठ्ठ्यातली टोपी पुढं करते. दुकानात टेप नेऊन प्रत्येक मापातली एक टोपी आतून मोजा, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. आणि घरच्या पाच-सहा वडीलधाऱ्यांसाठी, मामा, आत्याचे यजमान, व्याही, यांच्यासाठी माप मागवून टोपी शिवून घ्या. माप विचारायला फोन केला की माणूस खूश होतो. 'माझ्या डोक्याचं माप विचारलं' हे आमचे एक काका अजून सांगतात.

आपल्या मांडवात निरनिराळ्या समाजाचे पाहुणे असतात. कुणाला पांढरी चालते, कुणी फेटाच बांधून घेतो, कुणाला जाळीची टोपी लागते. रमजानच्या दिवसांत सोलापूरच्या विजापूर वेशीत गेलात तर जाळीच्या टोप्यांचे इतके प्रकार दिसतील की निवडताना वेळ जातो. आधी विचारून घ्यावं, त्यात संकोच नको.

ठेवणं आणि जुनी टोपी

खळ दिलेली टोपी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवेत बुरशीचे काळे ठिपके येतात. कागदात किंवा जुन्या धोतराच्या फडक्यात ठेवा. पिठाच्या वासानं झुरळं आणि कसर येते म्हणून लांब ठेवायच्या टोपीला खळ देऊच नका, स्वच्छ धुऊन मऊच ठेवा आणि वापराच्या आदल्या दिवशी खळ द्या.

टोपी विरली, घडीच्या रेषेवर फाटली, तरी ती लगेच पुसायच्या फडक्यात टाकू नका. एखाद्याच्या डोक्याला ती नीट बसत होती ना? मग सुईनं सगळे टाके उसवा, दोन तुकडे सुटे करा, इस्त्री करून जाड कागदावर ठेवा आणि पेन्सिल फिरवा. यापेक्षा चांगला नमुना बाजारात मिळत नाही. माझ्या मशीनच्या खणात असा एक पुठ्ठा आहे. तात्यांच्या शेवटच्या टोपीवरून काढलेला. त्याच्या कोपऱ्यात मी लिहून ठेवलं आहे: साडेबावीस, मागं जरा ढिली.